दिवस राहण्याआधीचं आईचं पोट आणि बाळाची वाढ: खरं किती, विकाऊ किती?

मध्यांतर

"आतडं सुधारा, हुशार बाळ मिळवा" छापाचे संदेश सध्या धो धो येताहेत. त्यातलं शास्त्र कुठे संपतं आणि डबा विकणं कुठे सुरू होतं, हे वेगळं काढायला हा धागा. मूल हवं आहे पण अजून दिवस राहिलेले नाहीत, त्या काळापुरतंच बोलू. गरोदरपणातल्या आहाराचे धागे आधीच पुष्कळ आहेत.

सुरुवात मीच करतो. आईच्या आतड्याचा बाळाशी संबंध निरनिराळ्या वाटांनी येतो. सगळ्यात साधी वाट शोषणाची. लोह, फॉलेट, बी१२ रक्तात उतरतंय का? दुसरी दाहाची, म्हणजे आतड्याला सूज असेल तर तिचा त्रास सगळ्या शरीराला होतो. आतड्यातले जीवाणू जी रसायनं तयार करतात, ती आईच्या रक्तातून वारेपर्यंत (प्लॅसेंटा) पोचतात, ही तिसरी. आणि शेवटी, जन्मताना व जन्मानंतर आईचे जीवाणू बाळाकडे जातात. गंमत अशी की पहिल्या दोन वाटांचा माणसांतला पुरावा सगळ्यात भक्कम आहे आणि चर्चा मात्र शेवटच्या दोनचीच.

शोषणाचा भाग आधीच का बघायचा, याचं कारण तारखांमध्ये आहे. बाळाची मज्जानलिका, जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती गर्भधारणेपासून साधारण २८व्या दिवसापर्यंत बंद होते. पाळी चुकून, घरी चाचणी करून, डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत ते काम उरकलेलं असतं. म्हणून फॉलिक अ‍ॅसिड, म्हणजे गोळीतलं फॉलेट, रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून ते १२ आठवड्यांपर्यंत. आधीच्या बाळात मज्जानलिकेचा दोष असेल तर मात्रा ४ ते ५ मिलिग्रॅम, म्हणजे दहापट आणि वर. ती डॉक्टरच ठरवतील.

पेट्रीडिश

चांगला धागा. तिसऱ्या वाटेबद्दल लिहितो, कारण तिथेच सगळ्यात जास्त सुंदर प्रयोग आणि सगळ्यात जास्त अतिशयोक्ती आहे.

२०१६ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या गटाने एक प्रयोग केला. जंतुविरहित गाभण उंदरिणींना ई. कोलाय या जीवाणूचा असा वाण दिला की जो आतड्यात टिकूच शकत नाही. त्याला लागणारी काही द्रव्यं त्याला स्वतःला बनवता येत नाहीत, त्यामुळे तो काही दिवसांत नाहीसा होतो. पिल्लं जन्माला येईपर्यंत आई पुन्हा जंतुविरहित, पिल्लंही जंतुविरहित. तरीही त्या पिल्लांच्या आतड्यांत जन्मजात प्रतिकारशक्तीच्या काही पेशी इतर जंतुविरहित पिल्लांपेक्षा जास्त निघाल्या. म्हणजे जीवाणू एकही गेला नाही, त्याच्या रेणूंचा निरोप तेवढा गेला. आणि तो पोचवण्यात आईच्या अँटिबॉडींचा हात होता.

२०२० मध्ये लॉस एंजेलिसच्या गटाने अँटिबायोटिक देऊन उंदरिणींचे जीवाणू काढून टाकले. त्यांच्या गर्भांच्या मेंदूत थॅलॅमसकडून कॉर्टेक्सकडे जाणारे चेतातंतू नीट वाढले नाहीत, आणि पिल्लं मोठी झाल्यावर स्पर्शाला कमी प्रतिसाद देत होती. क्लॉस्ट्रिडिया कुळातले मोजके जीवाणू परत दिले, किंवा आईला फक्त त्यांची काही रसायनं टोचली, तरी हा दोष टळला. त्याच वर्षी जपानी गटाने दाखवलं की जंतुविरहित आयांची पिल्लं तेलकट आहारावर लवकर लठ्ठ होतात. आईला गाभणपणात प्रोपिओनेट दिलं, की ते बऱ्याच अंशी थांबतं. प्रोपिओनेट म्हणजे अन्नातले तंतू (फायबर) आंबवून जीवाणू जे आखूड मेदाम्ल बनवतात, त्यातलं एक.

आता थंड पाणी. जंतुविरहित किंवा चार-चार अँटिबायोटिकं दिलेली उंदरीण हे टोक आहे. कुठलीही बाई त्या टोकाला नसते. "जीवाणू शून्य असले तर मेंदूवर परिणाम होतो" यावरून "तुमचे जीवाणू थोडे कमी असतील तर बाळाच्या मेंदूवर परिणाम होईल" असं म्हणता येत नाही. ही उडी जाहिरातवाले रोज मारतात.

आणि "वारेतही जीवाणू राहतात" हे २०१४ पासून फिरतंय. २०१९ मध्ये शेकडो वारा तपासून झाल्या, तेव्हा जे सापडलं ते बहुतेक प्रसूतीच्या वेळचं किंवा प्रयोगशाळेतल्या रसायनांमधलं प्रदूषण निघालं. निरोगी वारेत जीवाणूंची वस्ती नाही, असंच आज मानलं जातं.

निरभ्र

पण हे सगळं गाभणपणातलं झालं ना? धाग्याचं नाव "दिवस राहण्याआधीचं" आहे. पाळी चुकल्यावर आहार सुधारला तर काय बिघडलं?

मध्यांतर

रास्त प्रश्न. तीन कारणं सुचतात.

जीवाणूंची वस्ती आहाराला काही दिवसांत हलते हे खरं. पण जी जात गेली ती नुसत्या आहाराने परत येतेच असं नाही. २०१६ मध्ये स्टॅनफर्डला उंदरांच्या चार पिढ्या कमी तंतूंच्या आहारावर ठेवल्या. एका पिढीत झालेलं नुकसान तंतू परत दिल्यावर बरंचसं भरून आलं. पिढ्या गेल्या तसं ते भरून येईना, शेवटी हरवलेले जीवाणूच परत द्यावे लागले. आईकडे जे नाही ते ती पिल्लाला देणार कुठून?

अँटिबायोटिकचंही तसंच. २०१८ च्या एका अभ्यासात १२ निरोगी पुरुषांना चार दिवस तीन जालीम अँटिबायोटिकं दिली. वस्ती दीड महिन्यात बरीचशी सावरली, पण सुरुवातीला सगळ्यांकडे असलेल्या ९ जाती १८० दिवसांनंतरही बहुतेकांत दिसल्या नाहीत. म्हणून दाताचं, मूत्रमार्गाचं, सायनसचं जे काही रेंगाळलंय ते आधी उरकून घ्या आणि मग मोकळे व्हा. अँटिबायोटिक लागत असेल तर टाळू मात्र नका. उपचार न झालेला संसर्ग बाळाला जास्त महागात पडतो.

तिसरं कारण अगदी व्यवहाराचं. पहिल्या तिमाहीत मळमळ सुरू झाली की अनेकींना कोरडं, पांढरं, बेचव काहीतरीच पोटात ठरतं. त्या आठवड्यांत नव्या आहाराची सवय लावणं म्हणजे स्वप्नरंजन.

शतपावली

आता ज्या आजारांबद्दल बोलायला हवं आणि कोणी बोलत नाही, ते घेते. आतड्याचं आरोग्य म्हटलं की सगळे जीवाणूंवर जातात. पण बाळाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक न ओळखलेल्या किंवा धगधगत्या आजाराने पडतो.

सीलिअ‍ॅक: गव्हातल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर झिजतं. जुलाब असतीलच असं नाही. कित्येकदा गोळ्या घेऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन एवढंच लक्षण असतं. चाचणी रक्ताची, टीटीजी-आयजीए, आणि तिच्या जोडीला एकूण आयजीए (एक प्रकारची अँटिबॉडी). दुसरी का? काही लोकांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी बनतं, मग पहिली खोटीच "नॉर्मल" येते. उपचार न केलेल्या सीलिअ‍ॅकमध्ये गर्भपात आणि कमी वजनाचं बाळ यांचा धोका वाढतो. ग्लूटेन पूर्ण बंद केलं की तो बराच खाली येतो. मात्र अस्तर भरून यायला महिने लागतात, म्हणूनच आधी.

क्रोन आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारे आजार): इथे एकच वाक्य पाठ करावं. आजार शांत असताना दिवस राहिले पाहिजेत, आणि शांततेला किमान ३ ते ६ महिने झालेले असावेत. गर्भधारणेच्या वेळी आजार पेटलेला असेल तर ढोबळमानाने एक तृतीयांश बायकांत तो तसाच राहतो, एक तृतीयांशांत बिघडतो. घोळ कुठे होतो? "बाळासाठी औषधं नकोत" म्हणून बाई आपल्या मनाने सगळं बंद करते आणि आजार उसळतो. मेसालाझिन, अझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅब सहसा चालू ठेवतात. मेथोट्रेक्सेट मात्र किमान ३ महिने आधी थांबवावंच लागतं, ते गर्भाला घातक आहे. सल्फासालाझिन फॉलेटच्या शोषणात आडवं येतं, त्यामुळे त्यासोबत फॉलिक अ‍ॅसिड रोज २ मिलिग्रॅम देतात.

एच. पायलोरी: जठरातला जीवाणू. लोह आणि बी१२ दोन्ही खाली ओढतो. उपचारात दोन-तीन अँटिबायोटिकं असतात, त्यातली टेट्रासायक्लिनसारखी काही गरोदरपणात देता येत नाहीत. म्हणजे सापडलाच तर आधी सापडलेला बरा. श्वासाची चाचणी करायची तर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या २ आठवडे आणि अँटिबायोटिकं ४ आठवडे बंद हवीत. हे न सांगितल्यामुळे खोट्या निगेटिव्ह चाचण्यांचा ढीग पडतो.

त्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांबद्दलही. वर्षानुवर्षं घेतल्या तर बी१२ कमी होतं आणि तोंडातले जीवाणू आतड्यात वस्ती करतात. पण एका दिवसात तोडू नका, आम्ल दुप्पट जोराने उसळतं. मात्रा टप्प्याटप्प्याने खाली आणायची, डॉक्टरांना विचारून.

लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झाली असेल तर निदान १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. वजन झपाट्याने उतरत असताना गर्भाच्या वाट्याला फार कमी येतं.

कोरडवाहू

शतपावली, दंडवत. हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवा.

एक भर. फेरिटिन (लोहाच्या साठ्याची चाचणी) बघताना सोबत सीआरपी (दाहाची चाचणी) बघा. दाह असला की फेरिटिन खोटंच वर जातं. निरोगी बाईत १५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटरच्या खाली म्हणजे लोहाचा साठा संपलेला. दाह असताना जागतिक आरोग्य संघटना ही रेषा ७० वर नेते. कोलायटिस असलेल्या बाईचा ४० चा आकडा "छान" म्हणून सोडून देणं ही नेहमीची चूक आहे.

लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, पोट बिघडतं, म्हणून बायका त्या सोडतात. २०१७ च्या अभ्यासात, लोह कमी असलेल्या बायकांनी ६० मिलिग्रॅम एक दिवसाआड घेतलं तेव्हा प्रत्येक मात्रेतलं साधारण २२ टक्के शोषलं गेलं, रोज घेतलं तेव्हा १६. कारण एक गोळी घेतली की हेप्सिडिन हे संप्रेरक दिवसभर दार लावून बसतं. न शोषलेलं लोह मोठ्या आतड्यात जातं आणि तिथे त्रास देतं. चहा-कॉफीपासून गोळी तास-दोन तास लांब ठेवा. हिमोग्लोबिन फारच खाली असेल तर दिवसाआडचं गणित डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

तराजू

आहाराचं मी लिहितो. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा रोज किमान २५ ग्रॅम तंतू, तोही अन्नातला, आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळं. अंदाज यावा म्हणून: शिजवलेली मसूर १०० ग्रॅम म्हणजे जवळपास ८ ग्रॅम तंतू. मध्यम सफरचंद सालासकट ४ च्या आसपास. ओट्स कोरडे ४० ग्रॅम घेतले तर ४. बदाम मूठभर, २८ ग्रॅम, साडेतीन. म्हणजे एकदा डाळ, एकदा कडधान्य, दोन फळं आणि दोन्ही जेवणांत भाजी असेल तर २५ गाठणं अवघड नाही.

चुकतं ते वेगात. १० ग्रॅमवरून एका सोमवारी ३५ वर उडी मारली की गुरुवारपर्यंत पोट फुगून ढोल होतं आणि शुक्रवारी "मला तंतू सोसत नाहीत" असा निकाल लागतो. आठवड्याला ५ ग्रॅम वाढवा. कडधान्यं ८ ते १२ तास भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि नव्या पाण्यात शिजवा. गॅस करणाऱ्या शर्करांचा बराच भाग त्या पाण्यात जातो. एका आठवड्यात एकच नवा पदार्थ, म्हणजे दोषी कोण ते कळतं.

इसबगोल घेणाऱ्यांसाठी: एका चमच्याला पाऊण ते एक पेला पाणी, ढवळून लगेच प्यायचं. पाणी कमी पडलं तर तेच गोळा होऊन अडकतं. लोह किंवा थायरॉइडची गोळी आणि इसबगोल यांत २ तासांचं अंतर. आणि लक्षात घ्या, इसबगोल शौचाला उत्तम, पण आतड्यात ते फारसं आंबत नाही. जीवाणूंचं जेवण म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका.

आंबवलेल्या पदार्थांबद्दल २०२१ चा स्टॅनफर्डचा अभ्यास बोलका आहे. ३६ माणसं, १० आठवडे. निम्म्यांनी तंतू वाढवले, निम्म्यांनी दही-केफिरसारखे आंबवलेले पदार्थ दिवसाला सुमारे ६ वाढणींपर्यंत नेले. जीवाणूंची विविधता आंबवलेल्या गटात वाढली आणि दाहाची १९ प्रथिनं खाली आली. नुसत्या तंतूंच्या गटात विविधता वाढली नाही. ३६ हा आकडा लहान आहे आणि त्यात गरोदरपणाचा संबंध नव्हता, तरी दोन्ही जोडीने करण्यात नुकसान काही नाही. दूध मात्र पाश्चराइज केलेलंच. लिस्टेरिया हा जीवाणू गर्भाचा शत्रू आहे आणि दिवस राहिलेत हे पहिले दोन आठवडे कोणाला कळत नाही.

चिडक्या आतड्यासाठी (आयबीएस) कोणी लो-फॉडमॅप, म्हणजे आतड्यात आंबून गॅस करणाऱ्या शर्करा टाळणारा, आहार करत असेल तर कडक टप्पा २ ते ६ आठवड्यांचाच. पुढे ताणला की बिफिडोबॅक्टेरिया हे उपयोगी जीवाणू उपाशी मरतात, आणि बाळासाठी नेमके तेच हवे असतात.

निरभ्र

आणि प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जीवाणूंच्या, कॅप्सूल? खरं सांगायचं तर याच उत्तरासाठी धागा उघडला होता.

पेट्रीडिश

माझं मत: सरसकट नको.

ऑस्ट्रेलियातल्या स्प्रिंग चाचणीत जास्त वजनाच्या ४११ गरोदर बायकांना दोन जातींचं प्रोबायोटिक किंवा खोटी गोळी दिली. गरोदरपणातला मधुमेह टळला नाही. उलट प्रोबायोटिक गटात १८.४ टक्के, दुसऱ्यात १२.३. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. पण २०२१ च्या कोक्रेन आढाव्याने चाचण्या एकत्र केल्या तेव्हा प्रोबायोटिकमुळे प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणातला घातक रक्तदाब, वाढतो असं दिसलं. "नैसर्गिक आहे, अपाय तर नाही" हे वाक्य तिथेच संपतं.

अँटिबायोटिकनंतर घेण्याबद्दलही २०१८ चा इस्रायली अभ्यास सांगतो की प्रोबायोटिक घेणाऱ्यांची मूळ वस्ती परतायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. बाहेरचे पाहुणे खोल्या अडवून बसले.

दशांश

थोडा विरोध नोंदवतो. गर्भधारणेच्या आधीपासून सुरू केलेली एक मोठी चाचणी आहे, निप्पर. ब्रिटन, सिंगापूर आणि न्यूझीलंडमधल्या १,७२९ बायका. दिवसातून दोनदा एक पेय, त्यात मायो-इनोसिटॉल (साखरेसारखं एक द्रव्य), दोन प्रोबायोटिक जाती आणि काही जीवनसत्त्वं. मुख्य उद्देश रक्तातली साखर होता, तो फसला, २८व्या आठवड्याला काही फरक नाही. पण मुदतीआधीची बाळंतपणं कमी झाली, आणि पुढे दोन वर्षांच्या मुलांत लठ्ठपणाही जवळपास निम्मा दिसला. हे आकडे फेकून देण्यासारखे नाहीत.

शिवाय फिनलंडमधल्या तुर्कूची २००१ ची चाचणी. घरात अ‍ॅलर्जीचा इतिहास असलेल्या आयांना प्रसूतीच्या २ ते ४ आठवडे आधीपासून एलजीजी नावाचं प्रोबायोटिक दिलं, नंतर सहा महिने. दोन वर्षांच्या मुलांत एक्झिमा ४६ टक्क्यांऐवजी २३.

पेट्रीडिश

तुर्कूचं मान्य. पण ते प्रसूतीच्या तोंडावरचं आहे, गर्भधारणेआधीचं नाही. आणि निप्परमध्ये मुदतीआधीची बाळंतपणं कमी करणारं इनोसिटॉल की जीवाणू की जीवनसत्त्वं, हे त्या रचनेतून सांगताच येत नाही. तेव्हा त्या आधारावर कॅप्सूल विकणं म्हणजे संघ जिंकला म्हणून एकाच खेळाडूला बक्षीस देणं.

दशांश

कॅप्सूलपुरतं सहमत. "आधीपासून काहीच केलेलं उपयोगी नाही" असा अर्थ कोणी काढू नये, एवढंच.

कोरडवाहू

बाबांचं कोणी काढलंच नाही. २०२४ मध्ये रोमच्या एका गटाने नर उंदरांची आतडी सहा आठवडे अँटिबायोटिकने बिघडवली आणि मग मिलन घडवलं. पिल्लं कमी वजनाची निघाली, काहींची वाढ खुंटली, वारेतही दोष दिसले. औषध थांबवून नराच्या आतड्याला सावरायला वेळ दिला तर पुढची पिल्लं ठीक. माणसांत हे सिद्ध झालेलं नाही. पण शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, तेव्हा तीन महिने आधीपासूनची तयारी दोघांनीही करायला हरकत नाही. आणि सल्फासालाझिनने पुरुषांत शुक्राणूंची संख्या घटते, औषध बदललं की काही महिन्यांत पूर्ववत होते. मूल राहत नाही म्हणून बाईच्या डझनभर चाचण्या होतात आणि नवऱ्याची गोळी कोणी विचारत नाही.

निरभ्र

सिझेरियन झालं तर ही सगळी मेहनत वाया?

शतपावली

नाही. ब्रिटनमध्ये ५९६ बाळांचा अभ्यास झाला, २०१९ साली. सिझेरियनच्या बाळांत आईकडचे बॅक्टेरॉइड्स खूपच कमी आणि रुग्णालयातले एन्टरोकॉकस, क्लेबसिएला हे जीवाणू जास्त होते. काही महिन्यांत फरक बराच पुसट होतो. आईच्या दुधातल्या विशिष्ट शर्करा बिफिडोबॅक्टेरियांना पोसतात, ती वाट कापली जात नाही. रसायनांचा निरोपही नऊ महिने जातच असतो. आईच्या योनीतला स्राव बाळाला पुसणं किंवा त्याहून भयंकर घरगुती प्रयोग कृपा करून करू नयेत. फिनलंडमध्ये २०२० च्या अभ्यासात आईच्या मळातले जीवाणू दुधातून दिले गेले ते फक्त ७ बाळांना, आणि आयांच्या संसर्गाच्या कसून तपासण्या करूनच.

मध्यांतर

मळाच्या "मायक्रोबायोम रिपोर्ट"बद्दल व्यनितून (खाजगी निरोपातून) बरेच विचारताहेत, इथेच लिहितो. घेऊ नका. "चांगल्या" वस्तीची सर्वमान्य व्याख्या नाही, त्यामुळे रंगीत तक्त्यावरून कुठलाही उपचार ठरत नाही. पोटाची तक्रार असेल तर फीकल कॅल्प्रोटेक्टिन (मळातून आतड्याची सूज मोजणारी चाचणी) करा. ५० मायक्रोग्रॅम प्रतिग्रॅमच्या खाली असेल तर आतड्याला सूज असण्याची शक्यता कमी, २५० च्या वर असेल तर पोटाच्या डॉक्टरांकडे जा. मधल्या आकड्याला काही आठवड्यांनी पुन्हा करतात. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी हा आकडा चढतो, म्हणून नमुना देण्याआधी ती घेतली असतील तर सांगा. शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा कारण नसताना उतरणारं वजन असेल तर आकड्याची वाट बघू नका.

निरभ्र

शेवटचं. सीलिअ‍ॅकची चाचणी करायची आहे, पण तीन महिन्यांपासून गहू बंदच आहे. चालेल?

शतपावली

नाही चालणार, खोटी निगेटिव्ह येईल. किमान ६ आठवडे रोज, एकापेक्षा जास्त जेवणांत ग्लूटेन घेऊन मग रक्त द्यायचं. ते सोसणार नसेल तर आधी एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकीय चाचणी करा, तिच्यावर आहाराचा परिणाम होत नाही. दोन्ही नसतील तर सीलिअ‍ॅक जवळपास बाद. असतील तर मात्र त्यावरून निदान होत नाही, आजार नसलेल्या कितीतरी लोकांतही ती जनुकं असतात. मग गहू परत सुरू करण्याला पर्याय नाही, आणि ते ६ आठवडे दिवस राहण्याच्या आधीचेच असावेत.